मदयनची सावली आणि पहिली नोकरी



काही आठवड्यांपूर्वी जुम्याची नमाज आटोपून लोक पांगले, तरी एक तरुण मशिदीच्या ओसरीवर थांबून राहिला होता. बी.कॉम. झालेला, प्रथम श्रेणी मिळवलेला. वडिलांचे दुचाकी दुरुस्तीचे छोटे गॅरेज. घरातला पहिला पदवीधर. गेले आठ महिने तो अर्ज करीत होता. जिथे जावे तिथे दोन वर्षांचा अनुभव मागितला जाई, आणि अनुभव मिळावा म्हणून काम मागावे तर काम मिळण्यासाठी पुन्हा अनुभवच लागे. शेवटी एका ओळखीच्या माणसाने त्याला उपाय सुचवला. बंद पडलेल्या एका फर्मचे लेटरहेड, त्यावर शिक्का, सही आणि दोन वर्षांच्या नोकरीचा दाखला. खर्च आठ हजार रुपये. आईने बचत गटातून पैसे उचलण्याची तयारीही दाखवली होती.

त्याचा प्रश्न सरळ होता. “मौलानासाहेब, मजबुरीत हराम वस्तूही जायज ठरते असे आपणच सांगता. मग माझी ही मजबुरी नाही का?”

मी त्याला तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. एका वाक्यात “नाही” म्हणून त्याला घरी पाठवणे सोपे होते. परंतु ज्याच्या वाट्याला आठ महिन्यांचे नकार आले आहेत त्याला आणखी एक नकार देऊन आलिमाची जबाबदारी संपत नाही. पुढच्या जुम्याला मी याच विषयावर बोललो. ते बोलणे थोडे विस्ताराने येथे लिहितो, कारण हा प्रश्न त्या एका मुलाचा नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो जेवणाच्या वेळी दस्तरखानवर येऊन बसलेला असतो.

कुरआनमध्ये एका बेरोजगार तरुणाची हकिकत आहे. आपण ती प्रेषितांची कथा म्हणून वाचतो, आणि तो तरुण त्या वेळी बेरोजगार होता हे आपल्या ध्यानातच येत नाही. सूरह कससमध्ये, बाविसाव्या आयतीपासून अठ्ठाविसाव्या आयतीपर्यंत, मूसा (अ.) मदयनला पोहोचतात तो प्रसंग आलेला आहे. फिरऔनच्या महालात वाढलेला हा तरुण. त्या काळी मिसरमध्ये जे उत्तम मिळू शकत होते त्याच्या सान्निध्यात त्याचे बालपण गेले होते. आता मात्र तो परक्या मुलुखात एका पाणवठ्यावर उभा आहे. ओळख नाही, शिफारस नाही, घर नाही, काम नाही. त्याच्या हातून नकळत एक माणूस मारला गेला आहे आणि मागे त्याच्या जिवावर उठलेले लोक आहेत.

पाणवठ्यावर गुराख्यांची झुंबड आहे. बाजूला दोन मुली आपली जनावरे आवरून उभ्या आहेत. मूसा (अ.) त्यांना विचारतात की, अडचण काय आहे? तुम्ही घराबाहेर का पडलात, असे ते विचारीत नाहीत, हेही येथे पाहून ठेवावे. मुली सांगतात की, वडील अतिशय वृद्ध आहेत आणि गुराखी निघून गेल्याशिवाय आम्हाला पाणी पाजता येत नाही. मूसा (अ.) त्यांच्या जनावरांना पाणी पाजतात. मोबदला ठरलेला नाही, कोणी मागितलेलाही नाही. काम झाल्यावर ते सावलीत जाऊन बसतात आणि आपल्या पालनकर्त्याला सांगतात की, तू जे काही भले माझ्याकडे पाठवशील त्याची मला गरज आहे.

या दुआमध्ये पगाराचा आकडा नाही, पदाचे नाव नाही, आपल्या योग्यतेची यादी नाही, तक्रारही नाही. केवळ गरज मांडली आहे. नोकरी शोधणाऱ्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने ही दुआ अर्थासह पाठ करावी, असे मी नेहमी सांगतो. परंतु दुआच्या आधी काय घडले तेही विसरू नये. दुआ करणारे हात नुकतेच कोणाच्या तरी कामाला लागून आलेले होते.

थोड्याच वेळात त्या दोघींपैकी एक लाजत येते आणि सांगते की, वडिलांनी पाणी पाजल्याचा मोबदला देण्यासाठी तुम्हाला बोलावले आहे. मूसा (अ.) त्या वृद्धाकडे जातात. हा वृद्ध कोण, हे कुरआनने नावानिशी सांगितलेले नाही. भाष्यकारांत त्याविषयी मतभेद आहेत आणि आपल्याला आज त्यात शिरण्याचे कारण नाही. आपल्याला पाहायचा आहे तो घटनांचा क्रम. मूसा (अ.) त्या वृद्धासमोर बसतात आणि सर्वप्रथम आपली संपूर्ण हकिकत सांगतात. वृद्ध त्यांना धीर देतो की, आता भिऊ नकोस, जुलमी लोकांपासून तू सुटला आहेस. त्यानंतर मुलगी सुचवते की, अब्बाजान, यांना कामावर ठेवून घ्या. कामावर ठेवण्यास उत्तम माणूस तो, जो सामर्थ्यवान आहे आणि अमानतदार आहे.

आधी हकिकत, मग नोकरी. आजच्या भाषेत बोलायचे तर मूसा (अ.) यांच्या अर्जात जो सर्वांत नाजूक रकाना होता, तो त्यांनी रिकामा सोडला नाही आणि खोटाही भरला नाही. मालकाने प्रश्न विचारण्यापूर्वीच त्यांनी तो स्वतः उघड केला. आणि ज्या मुलीने शिफारस केली तिने कोणताही दाखला पाहिला नव्हता. तिने पाणवठ्यावर माणूस पाहिला होता.

सामर्थ्य आणि अमानत हे दोन शब्द आपण जरा सावकाश घेऊ. तीन वर्षांच्या पदवीत, शिकवण्यांत, संगणकाच्या वर्गांत मुलगा जे कमावतो ते सामर्थ्य. हिशेब लिहिता येणे, कराचे विवरणपत्र भरता येणे, ग्राहकाशी नीट बोलता येणे, हे सारे त्यात येते. त्यासाठी आईबापांनी पोटाला चिमटा घेतलेला असतो. अमानत मात्र कोणत्याही महाविद्यालयात विकत मिळत नाही. ती घरातून येते आणि मुलासोबत कार्यालयाच्या दारापर्यंत जाते. खोटा दाखला म्हणजे काय? सामर्थ्य नीट सांभाळून नेलेल्या मुलाने नेमक्या त्या दारात अमानत उतरवून ठेवणे. आणि हे तो कोणत्या कामासाठी करतो आहे? हिशेबनिसाच्या! ज्या पदावर मालक आपली तिजोरी त्याच्यावर सोपवणार आहे, त्या पदावर तो बनावट कागद दाखवून जाऊ पाहतो.

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा मदीनेच्या बाजारात धान्याच्या एका ढिगापाशी थांबले. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर आपण (स.) विचारले की, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. पाऊस पडणे हा त्या विक्रेत्याचा दोष नव्हता, तसेच अनुभव नसणे हा नव्या पदवीधराचा दोष नाही. दोष आहे तो ओले धान्य खाली दडवण्यात. माझे तरुणांना सांगणे आहे की, आपल्या अर्जात ओले धान्य वर ठेवा. “मला अनुभव नाही. मात्र वडिलांच्या गॅरेजचा हिशेब मी तीन वर्षे लिहिला आहे, मोहल्ल्यातील आठ दुकानदारांचे जी.एस.टी.चे काम शिकून घेतले आहे,” असे खरे काही असेल तर ते निःसंकोच लिहा. खरी लायकी सांगणे हा गर्व नव्हे. यूसुफ (अ.) यांनी मिसरच्या राजाला सांगितले होते की, मला भांडारांवर नेमा, मी राखण करणारा आहे आणि मला त्याचे ज्ञान आहे. पण तेच यूसुफ (अ.) तुरुंगातून बोलावणे आले तेव्हा लगेच बाहेर पडले नव्हते. आपल्यावरील आरोपाची आधी चौकशी व्हावी, असा निरोप त्यांनी परत धाडला. पदापूर्वी नाव स्वच्छ होणे त्यांना आवश्यक वाटले.

आता त्या मुलाच्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. मजबुरीत हराम जायज होते, हा नियम खरा आहे. कुरआनने तो भुकेने जीव धोक्यात आलेल्या माणसासाठी सांगितला आहे, तोही अटींसह: त्याच्या मनात अवज्ञा नसावी आणि त्याने गरजेपेक्षा अधिक घेऊ नये. फकीहांनी त्यातून जो निकष काढला तो असा की, हलालचा प्रत्येक मार्ग बंद झालेला असावा आणि संकट जीव किंवा तत्सम गोष्टीवर आलेले असावे. मनासारखी नोकरी लांबणे हे दुःख आहे, आणि मी ते लहान मानीत नाही. परंतु ती मजबुरी या नियमातील मजबुरी नव्हे. मी त्या मुलाला विचारले, “बेटा, तुझ्यासमोर हलालचे किती दरवाजे होते आणि त्यांपैकी किती तू स्वतः लावून घेतलेस?” तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला की, एका सी.ए.च्या कार्यालयात आठ हजारांवर बोलावले होते. पण लोक काय म्हणतील म्हणून गेलो नाही.

आठ हजार! खोट्या दाखल्याची किंमतही तेवढीच होती. एक आठ हजार देऊन दोन वर्षांचा खोटा अनुभव मिळणार होता आणि दुसरे आठ हजार घेऊन महिन्याचा खरा.

लोक काय म्हणतील, हा प्रश्न आपल्या मुलांना इतका का छळतो? प्रेषित (स.) यांनी स्वतः सांगितले आहे की, काही किरातांच्या मोबदल्यात मी मक्कावासीयांची बकरी चारीत असे. बुखारीत ही हदीस आहे. साऱ्या जगासाठी पाठविलेल्या प्रेषिताने आपले पहिले काम लपवले नाही. पुढे ह. खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन ते सीरियाला गेले तेव्हा त्यांचे वय सुमारे पंचवीस वर्षांचे होते. तोपर्यंत मक्केत त्यांची ओळख ‘अल-अमीन’ अशी झाली होती, आणि तीच त्यांची शिफारस ठरली. ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) सारे काही मक्केत सोडून मदीनेला आले. ह. साद बिन रबीअ (रजि.) यांनी आपल्या संपत्तीचा अर्धा वाटा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बरकतीची दुआ दिली आणि बाजाराचा रस्ता विचारला. संध्याकाळी ते थोडे पनीर आणि तूप कमावून परतले. मक्केतील या व्यापाऱ्याला पनीर-तुपाची लाज वाटली नाही.

अनुभवाची अट ज्यांना अडवते त्यांच्यासाठी कायद्याने काही वाटा ठेवल्या आहेत. त्याही सांगितल्या पाहिजेत, कारण नुसता सब्र सांगून पोट भरत नाही. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे, आणि त्याखालील राष्ट्रीय योजनेत आज केवळ अभियंतेच नव्हे तर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेलेही नाव नोंदवू शकतात. विद्यावेतन मिळते आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळते, तेही खरे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली, तिच्यात पदवीधरांसाठी दरमहा १०,००० रुपये ठेवले होते. या योजना कायम नोकरीची हमी देत नाहीत, हे आधीच समजून घ्यावे. पण रोज सकाळी ठराविक वेळी कामावर जाण्याची सवय आणि कोणीतरी आपले काम पाहणे, या दोन्ही गोष्टी त्यांतून मिळतात. मदयनच्या पाणवठ्यावर याहून वेगळे काय घडले होते?

आणि खोट्या दाखल्याच्या दलालांनी जे सांगितलेले नसते तेही ऐका. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात कोणत्या मालकाने कोणत्या महिन्यात रक्कम भरली याची नोंद राहते. अनेक कंपन्या रुजू करून घेण्यापूर्वी किंवा नंतर या नोंदी आणि जुन्या नोकरीचा दाखला पडताळून पाहतात. बनावट कागद खरा म्हणून वापरणे हा फौजदारी गुन्हाही आहे. अर्थात, पकडले जाण्याची भीती हे श्रद्धावंताचे पहिले कारण असू नये.

ज्यांनी हे पूर्वीच केले आहे आणि आज नोकरीत आहेत, त्यांनी हे वाचून निराश होऊ नये. जे काम करता ते नीट येत असेल आणि प्रामाणिकपणे होत असेल, तर त्या श्रमाचे वेतन हलाल आहे, फसवणुकीचे पाप मात्र वेगळे उरते आणि त्यासाठी तौबा आवश्यक आहे, असे अनेक उलमांचे मत आहे. आपली परिस्थिती एखाद्या जाणकार आलिमासमोर एकांतात मांडावी.

आता काही शब्द आईबापांसाठी. खरे तर या लेखाचा अर्धा भाग त्यांच्यासाठीच लिहावयास हवा होता.

मूसा (अ.) यांना दुआ करण्यापूर्वी सावली मिळाली होती. कुरआनने दोन-चार शब्दांत सांगितलेल्या प्रसंगात त्या सावलीचा आवर्जून उल्लेख केला आहे. आपल्या मुलाला ती सावली कुठे मिळते? लग्नात गेला तर नातेवाईक विचारतात, “काय, लागली का कुठे?” घरी आला तर मामूंच्या मुलाचा पगार ऐकवला जातो. काही मुले याच कारणाने ईदच्या भेटीगाठी टाळू लागली आहेत. खोट्या दाखल्याचा विचार मुलाच्या डोक्यात एकाएकी येत नाही; अशा प्रत्येक वाक्याने तो थोडा थोडा आत सरकतो. तुम्ही मुलाला दुपारपर्यंत झोपू द्या, असे मी म्हणत नाही. प्रेषितांनी (स.) आपल्या उम्मतच्या सकाळच्या वेळेत बरकत मागितली आहे. सख्र (रजि.) नावाचे सहाबी आपला व्यापारी माल दिवसाच्या आरंभीच पाठवीत आणि त्यात ते संपन्न झाले, असे तिर्मिजी आणि अबू दाऊदमध्ये आहे. फज्रला मुलाला जरूर उठवा. पण रात्री भाकरी वाढताना त्याला निकाल विचारू नका.

मुलींविषयीही हेच. मदयनच्या त्या मुली घरची गरज म्हणून बाहेर पडल्या होत्या, मर्यादा सांभाळून काम करीत होत्या, आणि वडिलांनी कोणाला नोकरीवर ठेवावे याचा सल्ला त्यांच्यापैकी एकीनेच दिला. वडिलांनी तो मानला. बी.एड., बी.एस्सी. झालेल्या मुलीने सुरक्षित आणि सन्मानाचे काम शोधायचे ठरवले, तर तिच्या सोबत मुलाखतीला जाणारा बाप मला अधिक आवडतो, दारात आडवा उभा राहणारा नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी सांगताना जीभ अडखळते. शिक्षकाची जागा मिळावी म्हणून शेत किंवा दागिने विकून ‘देणगी’ देण्याचा प्रकार आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, आणि आपल्याच लोकांनी चालवलेल्या काही संस्थाही त्यातून सुटलेल्या नाहीत. लाच देणारा आणि घेणारा, या दोघांवरही प्रेषितांनी (स.) लानत केली आहे. पावतीवर देणगी असे छापल्याने तिचे स्वरूप बदलत नाही. जो शिक्षक अशा मार्गाने वर्गात आला तो मुलांना अमानत कोणत्या तोंडाने शिकवील? संस्थाचालकांनी मशिदीच्या पहिल्या सफमध्ये उभे राहताना याचा विचार करावा.

कोकणातील घरांना आखाताची वाट पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे. तिथे जाणाऱ्या नव्या पदवीधराने एवढे पाहावे की एजंट परदेश मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेला आहे का, आणि हाती येणारा व्हिसा कामाचा आहे की भेटीचा. दहावी उत्तीर्ण झालेल्याच्या पासपोर्टवर परदेशगमनाच्या वेगळ्या परवानगीची अट नसते, म्हणून त्याला निघताना सहसा कोणी अडवत नाही. फसवणूक तिकडे पोहोचल्यावरच कळते. करार वाचल्याशिवाय सही करू नका, मूसा (अ.) यांनीही काम आणि मुदत स्पष्ट ठरवून घेतली होती.

व्याजावर चालणाऱ्या कंपनीतून बोलावणे आले तर काय करावे, हेही पुष्कळजण विचारतात. व्याज घेणारा, देणारा, लिहिणारा आणि साक्षीदार यांच्याविषयीची हदीस कडक आहे. हिशेबनिसाने तिच्यातील ‘लिहिणारा’ हा शब्द विसरू नये.

त्या वृद्धाने मूसा (अ.) यांच्यासमोर अट ठेवली होती ती आठ वर्षांच्या कामाची. दहा पूर्ण केलीस तर ती तुझी मर्जी, मी तुझ्यावर ओझे टाकू इच्छित नाही, असेही तो म्हणाला. मूसा (अ.) यांनी त्यांपैकी कोणती मुदत पूर्ण केली, हे कुरआनमध्ये सांगितलेले नाही. पुढे हीरा येथील एका यहुदी माणसाने सईद बिन जुबैर (रह.) यांना हाच प्रश्न विचारला. त्यांना उत्तर माहीत नव्हते. ते ह. इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे गेले. इब्ने अब्बास (रजि.) यांनी सांगितले की, दोहोंपैकी जी अधिक आणि अधिक चांगली, ती पूर्ण केली, अल्लाहचा प्रेषित जेव्हा शब्द देतो तेव्हा तो पाळतो.

तो मुलगा गेल्या महिन्यापासून सी.ए.च्या त्याच कार्यालयात जातो आहे. पगार आठ हजारच आहे, आणि गॅरेजवर वडिलांना अजून संध्याकाळी त्याची मदत लागते. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सर्वांसाठी दुआ करावी, ही आपणा सर्वांना विनंती.